येऊरच्या चढावर एका पायडलाचा हिशेब

ठाण्याच्या उपवन तलावापर्यंत माझा भाचा मजेत सायकल हाणतो. येऊरचा नाका ओलांडला आणि रस्ता वर चढायला लागला, की दुसऱ्या-तिसऱ्या वळणावर खाली उतरतो आणि सायकल ढकलत नेतो. पोरगा सतरा वर्षांचा, रोज फुटबॉल खेळणारा, त्यामुळे दमाचा प्रश्नच नाही. सायकल माउंटन बाइक म्हणून घेतलेली, जाड टायरची, पण गियर एकच. पुढे ४४ दाते, मागे १८. मे महिन्यात तो म्हणाला, "मामा, हिला गियर बसवता येतील का?"

येतील, पण आधी हिशेब करून बघू, असं मी त्याला म्हटलं. पुढची चक्री एकदा फिरली की मागची ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच वेळा फिरते. २६ इंची चाकाचा परीघ दोन मीटरच्या किंचित वर. म्हणजे पायडलाच्या एका फेरीत सायकल सुमारे ५ मीटर पुढे जाते. पाम बीच रोडसारख्या सपाट रस्त्याला हे अगदी बेताचं आहे. नेरूळला राहणारा माझा मित्र अशाच सायकलवर वर्षानुवर्षं वाशीपर्यंत जातो आणि त्याला गियरची कधी गरज वाटलेली नाही.

आता चढ धरा ८ टक्क्यांचा, म्हणजे १०० मीटर पुढे गेलं की ८ मीटर वर. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो. गुरुत्वाकर्षण आणि टायरचं घर्षण मिळून सुमारे ७५ न्यूटन बळ मागे ओढतं. ते ५ मीटरपर्यंत रेटायचं, पण पाऊल मात्र एका फेरीत एक मीटरभरच फिरतं, कारण क्रँकची, म्हणजे पायडलाच्या दांड्याची, लांबी १७ सेंटिमीटर. पाच मीटरचं काम एका मीटरात करायचं म्हणजे जोरही पाचपट हवा: सरासरी ३६ किलो वजनाइतका. तोही सगळ्या फेरीभर सारखा लागत नाही. पायडल वर किंवा खाली असताना पाय जवळजवळ काहीच करत नाही, आणि क्रँक आडवा असताना सगळा भार एकदम येतो. तिथे आकडा ५५ किलोच्या पुढे जातो. भाच्याचं वजन ६८. प्रत्येक पायडलावर जवळजवळ उभंच राहायचं.

मागे ३४ दात्यांची चक्री लावली तर एका फेरीत सायकल सुमारे २.७ मीटरच जाते. सरासरी जोर १९ किलोवर येतो. काम मात्र तेवढंच राहतं. ताशी सात किलोमीटरने हा चढ चढायला दोन्ही सायकलींवर साधारण १५० वॅटच लागतात. फरक एवढाच की एकीवर मिनिटाला सुमारे २३ फेऱ्या होतात, दुसरीवर ४३. स्नायूला हा फरक फार मोठा आहे. जोराने आकुंचन पावलेला स्नायू स्वतःच्याच रक्तवाहिन्या दाबतो, लवकर थकणारे तंतू कामाला लागतात आणि गुडघ्यावर ताण येतो. हलका जोर जास्त वेळा लावणं पायांना परवडतं.

हे शहाणपण शर्यतवाल्यांनाही उशिरा मिळालं. टूर द फ्रान्समध्ये १९३७ पर्यंत डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रीवरून दुसरीवर ढकलणारं साधन, वापरायला बंदी होती. डोंगराच्या पायथ्याशी स्पर्धक खाली उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रीवर चढायला लागायचे.

मग आम्ही नौपाड्यातल्या एका जुन्या सायकलच्या दुकानात गेलो. काकांनी आधी मागचं चाक काढलं आणि चौकटीतलं अंतर मोजलं: १२० मिलिमीटर. सात चक्र्यांच्या फ्रीव्हीलला (पायडल थांबलं तरी चाक फिरू देणाऱ्या मागच्या चक्र्यांच्या संचाला) कमीत कमी १२६ हवेत. चौकट लोखंडी असल्याने जमलं. पोलादाला दोन्हीकडून तीन-तीन मिलिमीटर ताणलं तर ते स्प्रिंगसारखं वागतं, सोडलं की परत येतं. ॲल्युमिनियमची चौकट असेल तर ही ओढाताण अजिबात करू नका. ती तडकू शकते. अशा वेळी सरळ मोठ्या दात्यांचं एकेरी फ्रीव्हील लावा. १८ च्या जागी २२ दाते आले तरी जोर १८ टक्क्यांनी कमी लागतो, आणि खर्चही नावालाच.

जुनं फ्रीव्हील काढणं हीच मोठी लढाई. ते हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, आट्यांनी बसतं आणि प्रत्येक पायडलासरशी आणखी आवळलं जातं. दोन वर्षांचं आवळणं एका पान्याने सुटत नाही. काकांनी फ्रीव्हीलच्या खाचांत बसणारा ठोकळा शिकंज्यात धरला, त्यावर चाक बसवलं आणि रिम दोन्ही हातांनी धरून चाकच फिरवलं. लांब तरफ मिळाली, आटे कटकन सुटले. सुदैवाने सात चक्र्यांच्या फ्रीव्हीलचे आटे तेच असतात.

आता उजवीकडे जागा हवी. लांब एक्सल, सहा मिलिमीटरचे नवे वायसर, आणि डावीकडचे काही वायसर उजवीकडे. त्यामुळे हब डावीकडे सरकला, रिम मात्र चौकटीच्या मधोमध हवी. म्हणून उजव्या तारा कसायच्या, डाव्या सैल करायच्या. मांडवाचा खांब आठवा. एका बाजूची खुंटी खांबाच्या जवळ ठोकली, तर त्या बाजूची दोरी जास्त ताणावी लागते, नाहीतर खांब कलतो. चाकाचंही तसंच. काका एकेक तार पाव फेरी फिरवत, बोटाने छेडून आवाज ऐकत होते. उजव्या तारांचा सूर चढा लागत होता. अर्धा तास त्यांनी आउट, म्हणजे चाकाचा डगमगाट, काढला. सगळ्या कामातला मला सगळ्यात आवडलेला अर्धा तास तोच.

डिरेलर अडकवायला चौकटीला कान नव्हता, म्हणून एक्सलच्या नटाखाली बसणारी पट्टी लावली. डिरेलर दोन कामं करतो. चेन बाजूला ढकलतो, आणि लहान चक्रीवर गेल्यावर उरलेली ढिली चेन स्प्रिंगने ओढून धरतो. १४ आणि ३४ दात्यांमध्ये ही ढील सुमारे १२ सेंटिमीटरची होते. चेन मात्र मोठ्या चक्रीच्या मापाने कापायची. तोकडी पडली आणि कोणी ३४ वर टाकली, तर डिरेलरच उपटून निघेल. आतल्या बाजूचा मर्यादेचा स्क्रूही तसाच, तो चुकला की डिरेलर तारांत जातो.

एक गोष्ट आम्ही विसरलो होतो. गियरची चेन आतून अरुंद असते, सुमारे २.४ मिलिमीटर, एकेरी सायकलची ३.२. पुढच्या चक्रीचे दाते जाड निघाले, नवी चेन त्यावर बसेना. तेवढ्यासाठी दुसऱ्या दिवशी पुन्हा खेप, आणि ४४ दात्यांचीच पातळ चक्री.

रविवारी सकाळी सहाला तो येऊरला गेला. नाक्यापासून वरपर्यंत एकदाही उतरला नाही. घरी आल्यावर तक्रार केली, "मामा, वेग काही वाढला नाही, ढकलत जायचो त्याहून थोडासाच जास्त." मी विचारलं, पाय? "पाय ठीक आहेत. पण चौथ्या चक्रीवर कटकट आवाज येतोय."

नवी केबल पहिल्या आठवड्यात जराशी सैल होते. डिरेलरजवळची ॲडजस्टर मूठ पाव फेरी उलटी फिरवली, आवाज गेला.