पिण्याचे पाणी व आरोग्याच्या सवयी, खानदेशातील

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तापी खोऱ्यातील जिल्ह्यांत पिण्याचे पाणी पारखण्याच्या, साठवण्याच्या आणि उन्हाळ्यात ते पुरेसे पिण्याच्या रूढ सवयी. एप्रिल-मेमध्ये येथे पारा ४० अंश सेल्सिअसच्या वर असतो. जळगाव-भुसावळकडे तो ४५ अंशांपुढेही जातो.

पाण्याची पारख पूर्वापार जिभेवर होते : गोडे, मचूळ, खारे. त्याहून पक्की कसोटी चुलीवरची. तुरीची डाळ लवकर शिजली की विहिरीला मान मिळतो. डाळ बोटचेपी होईना, साबणाला फेस येईना, की ते पाणी गुरांना आणि धुण्याला. या कसोटीला शास्त्राचा आधार आहे. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम डाळीतील पेक्टिनाशी बांधले जातात आणि दाणा मऊ होऊ देत नाहीत. भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० मानकात कठीणपणाची, म्हणजे या क्षारांच्या प्रमाणाची, इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालते. यावल-रावेरच्या केळीपट्ट्यात उपसा वाढला, बोअर खोल गेले, आणि जुन्या विहिरींची ही पारख तिथे मागे पडली.

मात्र डाळ शिजवून जंतू कळत नाहीत. गोड्या विहिरीचे पाणी पावसाळ्यात गावाला हगवण लावू शकते, तर मचूळ पाणी जंतूंच्या बाबतीत निर्धोक असू शकते. धडगाव-अक्कलकुव्याकडे नाल्याच्या वाळूत झिरा खणून पाणी भरतात. वाळू गढूळपणा अडवते, पण सगळे जंतू नाही. म्हणून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो आणि ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीने नळाच्या पाण्यात क्लोरीन उरले आहे का ते पाहतो. लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरायला हवे. ‘औषधाचा वास येतो’ म्हणून नळ सोडून उघड्या विहिरीवर जाणारे गावोगाव भेटतात. खरे तर तो हलका वास हीच पाण्याची हमी.

घरात रांजण नि माठ. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होते, त्यामुळे खानदेशी उन्हाळ्यात माठ उत्तम थंडावतो. पावसाळ्यात तो नावालाच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांसाठी पाण्याची घागर भरतात, तोच काळ गार पाण्याची खरी गरज असण्याचा. माठात हात बुडवण्यापेक्षा लांब दांड्याचे ओगराळे वापरणे आणि वर घट्ट झाकण ठेवणे, एवढ्याने बराच संसर्ग टळतो. हल्ली लग्नाकार्यात थंड पाण्याचे जार येतात. ते गार असतात, शुद्ध असतीलच असे नाही.

मुतखड्याचे खापर लोक बोअरच्या ‘जड’ पाण्यावर फोडतात. कठीण पाण्याशी त्याचा थेट संबंध पक्का सिद्ध झालेला नाही. घामावाटे पाणी जाणे आणि त्या मानाने कमी पिणे हे मोठे कारण. शेतात घोटभर पिऊन राबणाऱ्यांची लघवी गडद पिवळी होते, ती पहिली खूण. ताक, कैरीचे पन्हे आणि मिठाची चिमूट यांनी घामातले क्षारही भरून निघतात. जुलाब लागल्यास ओआरएसची मोठी पुडी १ लिटर स्वच्छ पाण्यात एकदम विरघळवतात, अर्धी-अर्धी नव्हे. हे द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे लागते. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यायचे असते.