नवोदित साहित्य-अभ्यासकांचे निबंध पारितोषिक : पार्श्वभूमी

मराठीत लेखनाला बक्षीस देण्याची रीत जुनी. पेशवे पुण्याच्या रमण्यात ब्राह्मणांना वाटत ती दक्षिणा 1818 नंतरही कंपनी सरकारने चालू ठेवली आणि 1851 पासून तिचा काही भाग मराठी ग्रंथांकडे वळला. भविष्य सांगणाऱ्या जोशीबुवाने चालवलेली शेतकरी जोडप्याची नागवणूक दाखवणारे जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ हे नाटक 1855 साली याच दक्षिणेच्या बक्षीस कमिटीपुढे गेले आणि नाकारले गेले. निवडायला कोण बसते, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

आजच्या पारितोषिकांमागची परिस्थिती मात्र अलीकडची आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी 2010 मध्ये प्राध्यापकांच्या बढतीला गुणांकन आले, त्यात शोधनिबंधांनाही गुण होते; 2019 मध्ये मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, 2025 मध्ये ती रद्दही झाली. दरम्यान शोधनिबंध भराभर छापले गेले, वाचले क्वचितच गेले. परीक्षकाने निबंध शेवटपर्यंत वाचून लेखी मत द्यावे, हेच अशा पारितोषिकाचे खरे मोल, रक्कम दुय्यम.

खरा वाद पात्रतेचा आहे. साहित्य अकादमीच्या युवा पुरस्काराला 2011 पासून 35 वर्षांची अट आहे. तीच समीक्षेला लावणे सोयीचे, पण अन्यायाचे. कविता विशीत लिहिता येते. अभ्यासकाची वाट वेगळी: एम.ए., सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा, मग तासिका तत्त्वावरची नेमणूक. सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या तालुक्यात तास, मानधन थकलेले, उन्हाळ्यात तेही नाही. त्यात लग्न, बाळंतपण. प्रबंध हाती येईतो चाळिशी गाठलेल्या कितीतरी जणी आपल्या मराठी विभागांत आहेत. त्यांना ‘नवोदित नाही’ म्हणायचे कोणत्या तोंडाने? सहायक प्राध्यापकपदाच्या नेटलाही वयाची अट नाही.

म्हणून पीएच.डी. मिळाल्यापासूनची वर्षे मोजावीत, असा आग्रह वाढला. युरोपातल्या एका मोठ्या संशोधन-अनुदानात आईला प्रत्येक अपत्यामागे 18 महिन्यांची सूट मिळत आली आहे. आपल्याकडे आयोगाच्या 2016 च्या नियमांनी पीएच.डी.च्या काळात 240 दिवसांची प्रसूती रजा दिली, म्हणजे तत्त्व मान्य आहे. अडचण पीएच.डी.ला अजून न पोचलेल्यांची. पूर्वी एम.फिल.च्या प्रबंधिकेतून पहिला चांगला निबंध निघे. 2022 च्या नियमांनी एम.फिल. बंद झाले. त्यामुळे नोंदणी झालेले विद्यार्थी आणि पदवी मिळून फार वर्षे न झालेले, असे दोन्ही गट घ्यावे लागतात. वयाची अट काढल्याशिवाय हे जमत नाही.