साठवण साधनांतील आवृत्तिभेद

डिस्कवर पार्टिशन (वेगळे भाग) पाडणारी, फाइल सिस्टिम (फाइल साठवण्याची रचना) उभारणारी आणि ती तपासणारी साधने नाव तेच ठेवून आवृत्तीगणिक वेगळी वागतात. हा फरक आधीच ओळखून डेटा सुरक्षित ठेवण्याची ही पद्धत. कोल्हापुरात शिरोली, गोकुळ शिरगाव एमआयडीसीतल्या फाउंड्रींसारख्या उद्योगांना तिचे मोल मोठे आहे, कारण तिथे जुनी ड्रॉइंग वर्षानुवर्षे जपावी लागतात. २०१९ आणि २०२१च्या महापुरात पंचगंगेच्या पाण्याने शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला. अशा वेळी उचलून नेलेली डिस्क मिळेल त्या मशीनला लावावी लागते आणि त्यावरची साधने जुनी असू शकतात.

लिनक्स या संगणकप्रणालीत बहुतेक वेळा कमांड बदलत नाही, डिफॉल्ट (काही न सांगता आपोआप लागू होणारी निवड) बदलतो. ई२एफएसप्रॉग्स या साधनसंचाच्या १.४७.० (२०२३) आवृत्तीने नव्याने उभारलेल्या ईएक्सटी४ (लिनक्सची एक फाइल सिस्टिम) वर ‘ऑर्फन फाइल’ आणि ‘मेटाडेटा चेकसम सीड’ ही वैशिष्ट्ये आपोआप चालू केली. अशी डिस्क जुने ई२एफएसके (त्याच संचातले तपासणीचे साधन) तपासत नाही; अनोळखी वैशिष्ट्याची तक्रार करून थांबते. हा नकार त्रासाचा, पण डेटाच्या हिताचा.

खरी भीती मुकाट्याने बदललेल्या अर्थाची. एसएफडिस्क हे पार्टिशन पाडणारे साधन यूटिल-लिनक्स या साधनसंचाच्या २.२६ (२०१५) आवृत्तीत नव्याने लिहिले गेले. त्याआधी एकक न लिहिलेला आकडा सिलिंडरमध्ये (अनेक सेक्टरांचा गट) मोजला जाई, आता तो सेक्टरमध्ये (डिस्कवरचा लहान तुकडा) मोजला जातो. जुन्या स्क्रिप्टमधला १०० हा आकार पूर्वी सुमारे ८२२ एमबीचा होता (एका सिलिंडरमध्ये १६,०६५ सेक्टर, सेक्टर ५१२ बाइटचा). नव्या मोजणीत तो ५१ केबी भरतो. म्हणून पार्टिशनच्या स्क्रिप्टमध्ये एकक लिहिलेच पाहिजे. डिस्कची यादी दाखवणाऱ्या एलएसबीएलके या साधनाचा स्तंभ ‘माउंटपॉइंट’चा ‘माउंटपॉइंट्स’ झाला (यूटिल-लिनक्स २.३७), तो बदल किरकोळ, तरी शीर्षक शोधणाऱ्या स्क्रिप्ट त्यानेही अडतात.

उलट दिशा, म्हणजे जुनी डिस्क नव्या मशीनवर, सहसा सोपी असते. अपवाद आहेत: राइझरएफएस ही जुनी फाइल सिस्टिम लिनक्स ६.१३ कर्नलमधून (प्रणालीच्या गाभ्यातून) काढून टाकली आहे.

व्यवहारात डिफॉल्टवर न विसंबता हवी ती वैशिष्ट्ये नावानिशी चालू किंवा बंद करतात. डिस्कवर खरोखर कोणती वैशिष्ट्ये आहेत ते ट्यून२एफएस या साधनाने वाचून, साधनाच्या आवृत्तीसह कागदावर लिहून ठेवतात. पार्टिशनचा तक्ता एसएफडिस्कच्या ‘डंप’ पर्यायाने वेगळ्या जागी उतरवतात. डिस्क ज्या साधनांनी तयार केली, तीच असलेला बूट होणारा पेनड्राइव्ह बॅकअपसोबत वरच्या मजल्यावर ठेवावा.