टोनिंग शू : गोल तळामागचा इतिहास

जालन्याला मावशीच्या माळ्यावर टोनिंग शूजचा एक जोड अजून पडून आहे. फरशीवर ठेवून चवड्याच्या बाजूला बोटाने दाबलं की टाच वर उचलते, बोट काढलं की बूट पाळण्यासारखा झुलतो. टाचेखालचा स्पंज एवढा मऊ, की अंगठा रुततो. २०१२ च्या सुमारास दुकानात तिला सांगितलं गेलं, "नुसतं चाला, पोटऱ्या-मांड्या आपोआप घट्ट होतील." तेव्हा तिला शुगर होऊन सात वर्षं झाली होती.

या तळाचा उगम १९९६ चा. कोरियातल्या भातखाचरात चालताना आपली पाठ मोकळी होते, असं एका स्विस अभियंत्याच्या लक्षात आलं. मऊ चिखलातली ती अस्थिरता त्याने तळव्यात बसवली आणि बुटाला नाव दिलं पूर्व आफ्रिकेतल्या मसाई लोकांच्या अनवाणी चालीचं. प्रत्यक्षात मसाई जुन्या टायरच्या वहाणा सर्रास घालतात, जशा आपल्याकडे काळ्या रानात राबणाऱ्यांनी वर्षानुवर्षं घातल्या.

२००९ मध्ये दोन मोठ्या अमेरिकी कंपन्या यात उतरल्या. एकीने तळ गोल ठेवला. दुसरीने टाचेखाली आणि चवड्याखाली हवेच्या फुगीर गाद्या बसवल्या. पाय टेकला की हवा इकडून तिकडे सरकते. पुढच्याच वर्षी अशा बुटांची अमेरिकेतली विक्री सुमारे एक अब्ज डॉलरवर गेली.

सगळा घोळ आहे तो 'टोन' या शब्दात. फिजिओथेरपिस्टच्या भाषेत टोन म्हणजे स्नायू सैल सोडलेला असतानाही त्यात उरणारा ताण. लकवा झालेल्या माणसाचा हात कडक होतो तेव्हा ते म्हणतात, "टोन वाढलाय", आणि तो कमी करण्यासाठी महिनोन्‌महिने खपतात. जिममध्ये टोन म्हणजे चरबी कमी होऊन उठून दिसणारा स्नायू. जाहिरातीने यात तिसरा अर्थ मिसळला. गाद्यांच्या बुटाने नितंबांच्या स्नायूंची 'ताकद आणि टोन' २८ टक्के वाढतो, मांडीच्या मागच्या भागात आणि पोटरीत ११ टक्के, असा तो दावा होता. त्यामागची चाचणी जेमतेम पाच जणांवर झालेली. त्यांना ५०० पावलं चालवून स्नायूंतली विद्युत हालचाल मोजली होती. म्हणजे मोजली त्या काही मिनिटांतली मेहनत आणि विकली कायमची ताकद. डोक्यावरून घागर नेताना मान ताठ राहते, म्हणून काही घागरीने मान बळकट झाल्याचं सिद्ध होत नाही. त्यासाठी आठवडे-महिने थांबून पुन्हा मोजावं लागतं. माझ्या मते हा शब्दांचा निष्काळजीपणा नव्हता, सगळा धंदाच या फरकावर उभा होता.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या एका विद्यापीठात स्वतंत्र चाचणी झाली. साध्या बुटांच्या तुलनेत ना स्नायूंची हालचाल लक्षणीय वाढली, ना कॅलरी जास्त जळल्या. ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी यंत्रणेने २०११ मध्ये गाद्यांवाल्या कंपनीशी २.५ कोटी डॉलरची तडजोड केली आणि २०१२ मध्ये गोल तळवालीशी ४ कोटींची. गोल तळाची शिफारस करणारा जाहिरातीतला कायरोप्रॅक्टर (मणक्यांवर हाताने उपचार करणारा) कंपनीच्याच एका मार्केटिंग अधिकाऱ्याचा नवरा निघाला. तडजोड झाली म्हणजे गुन्हा कबूल झाला असं नाही, असं कंपन्यांच्या बाजूने सांगितलं जातं. कायद्याने ते बरोबर आहे. पण पुराव्याशिवाय असे दावे करायचे नाहीत, ही अट त्यांनी मान्य केली, याला मी जास्त वजन देतो.

तळामुळे शरीरावर काहीच होत नाही, असं मात्र नाही. गोल तळावर चालताना घोट्याची हालचाल बदलते, चवड्यावरचा दाब कमी होतो. मऊ टाचेवर नुसतं उभं राहिलं तरी शरीर पुढेमागे डोलतं आणि तोल सांभाळायला घोट्याभोवतीचे लहान स्नायू राबतात. आज धावण्याचे जाड बूट हीच गोलाई वापरतात, दावा मात्र उलटा: पायाला कमी कष्ट पडतात.

आपल्याकडच्या घरांसाठी यातली एकच गोष्ट फार मोलाची आहे. कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी आणि पुढे शुगरने बधिर झालेल्या पायांवरच्या जखमांसाठी पाळण्यासारखा तळ पूर्वीपासून वापरतात. पण तो कडक असतो. तळ वाकत नाही म्हणून चवड्याची जखम दाबली जात नाही. टोनिंगचा तळ मऊ आणि डुलता असतो. बाजूने पाहिलं तर दोन्ही सारखेच दिसतात. ज्या तळव्याला जमीन नीट कळत नाही, त्याच्याखाली मुद्दाम डुलता तळ दिला की पडण्याची भीती वाढते. मावशी उंबरठ्यात अडखळली, चौकट हाताशी होती म्हणून सावरली. त्याच दिवशी तो जोड माळ्यावर गेला.

आता ती मागे पट्टा असलेली एमसीआरची (बारीक छिद्रांच्या मऊ रबराची) चप्पल घालते आणि रोज संध्याकाळी पाय धुऊन झाले की तळव्याखाली आरसा धरून बघते.