निवडणुकीची बोली (कोकण)

रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत निवडणूक लागली की घर, शेत आणि देवळातले नेहमीचे शब्द राजकीय अर्थाने बोलले जातात. त्या वापराची ही नोंद. कायद्याच्या लेखी मतदार एकटा असतो. या बोलीत तो क्वचितच एकटा सापडतो.

यातला सर्वांत वजनदार शब्द ‘वाडी’. कोकणातले गाव बहुधा एका जागी दाटलेले नसते. ते डोंगरउतारावर, खाडीच्या कडेने वाड्यावाड्यांत विखुरलेले असते. वाड्यांची नावे कधी जातीवरून, कधी व्यवसायावरून, तर कधी नुसती वरची-खालची. ‘वरची वाडी आपली आहे’ असे कार्यकर्ता सांगतो, तेव्हा भावकीत बैठक होऊन एकमुखाने ठरले आहे, असा त्याचा दावा असतो. तो खरा असतोच असे नाही. पण साकव, रस्ता, नळपाणी योजना वाडीच्या नावाने मागितल्या जातात, त्यामुळे मतांचा हिशेबही वाडीच्याच खाती पडतो. मतदान यंत्रांनी हा हिशेब अधिक उघडा केला. मतपत्रिकांच्या काळात वेगवेगळ्या केंद्रांवरच्या पत्रिका मोजणीपूर्वी एकत्र मिसळता येत. २००४ च्या लोकसभा निवडणुकीपासून देशभर यंत्रे आली, मोजणी केंद्रनिहाय होऊ लागली आणि कोणत्या बूथवर कोणाला किती ‘लीड’ मिळाले ते गावाला लगेच कळू लागले. अनेक यंत्रांची मते एकत्र मोजणारे ‘टोटलायझर’ वापरावे, अशी शिफारस विधी आयोगाने २०१५ मध्ये आपल्या २५५ व्या अहवालात केली होती. लहान वाडीच्या दृष्टीने तिचे मोल मोठे होते.

घरापुढचे सारवलेले अंगण म्हणजे खळे. तिथे भात झोडतात, लग्नाचा मांडव पडतो, आणि प्रचाराच्या दिवसांत ‘खळा बैठक’ही बसते. सभेला माणसे आणावी लागतात. खळ्यात यजमानच आपल्या माणसांना बोलावतो. २०२३ मध्ये आदित्य ठाकरे यांनी कोकणात अशा बैठका घेतल्या, तेव्हा हा शब्द राज्यभरच्या बातम्यांत आला.

‘जनतेचा कौल’ हा वर्तमानपत्री प्रयोग महाराष्ट्रभर चालतो. कोकणात मात्र कौल अजून देवळातही लावतात: मूर्तीला पाकळ्या किंवा पाने चिकटवायची आणि उजवे पडते की डावे यावरून देवाचे उत्तर वाचायचे. प्रचाराचा नारळ ग्रामदेवतेपुढे फुटतो, गाऱ्हाणे, म्हणजे देवाला मोठ्याने केलेली सामूहिक विनवणी, घातले जाते आणि जमलेले ‘होय महाराजा’ म्हणतात. त्या होकारात विरोधी पक्षाचे मानकरीही सामील असतात, हे नव्या उमेदवाराने ध्यानात ठेवलेले बरे.

क्रियापदे थोडी आहेत, पण नेमकी. उमेदवार ‘उभा’ राहतो, अर्ज मागे घेण्याच्या मुदतीपर्यंत कोणीतरी त्याला ‘बसवतो’, नाहीतर तो ‘पडतो’. जिंकणारा नुसता ‘येतो’. मालवणीत ‘कोण येतलो?’ एवढाच प्रश्न पुरतो. वैध मतांच्या एक षष्ठांशाहून अधिक मते न मिळाल्यास ‘डिपॉझिट जाते’.

‘लाट’ हा शब्द किनाऱ्यावर तरी जपून वापरावा. राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ मध्ये समाजवादी नेते नाथ पै यांना निवडून दिले. त्यानंतर समाजवादीच असलेले मधू दंडवते तिथून सलग ५ वेळा आले. त्यांत १९७१ आणि १९८४ या काँग्रेसच्या दोन्ही मोठ्या लाटा येऊन गेल्या. १९९१ मध्ये दंडवते पडले.

‘चाकरमानी’ म्हणजे नोकरीधंद्यासाठी मुंबईत राहणारा गावकरी. त्याचे मत कुठे आहे, हा प्रत्येक निवडणुकीतला कळीचा प्रश्न. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५० प्रमाणे एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, म्हणून घराघरांत मुंबई की गाव हा निर्णय घ्यावा लागतो. ज्यांची नावे गावच्या यादीत राहिली, त्यांच्याबाबत लगेच ‘गाडी’चा विषय निघतो. मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी उमेदवाराने वाहन भाड्याने घेणे हे १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३(५) नुसार भ्रष्ट आचरण ठरते. त्यामुळे गाडी कोणी ‘केली’ असे सहसा ऐकू येत नाही. चाकरमान्यांच्या मुंबईतल्या गावकरी मंडळाच्या बैठकीत गाडी नुसती ‘सुटणार’ असते.