'फीस्ट फॉर क्रोज' रखडलेलं नाही, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' रखडलेलं आहे

लांबलचक फँटसी मालिकांचा विषय निघाला, की एक वाक्य ठरलेलं असतं. दादर-चर्चगेट लोकलमध्ये हातातलं पुस्तक बघून बोलायला येणारा वाचक असो, शिवाजी पार्कच्या कट्ट्यावरच्या गप्पा असोत, नाहीतर किंग्ज सर्कलच्या फूटपाथवर जुनी पुस्तकं चाळणारी कॉलेजची मुलं असोत, सगळीकडे तेच ऐकू येतं: "पुढची पुस्तकं रखडतातच. जॉर्डनचं दहावं काय, मार्टिनचं चौथं काय, दोन्ही सारखीच." म्हणजे रॉबर्ट जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'मधलं 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' आणि जॉर्ज आर. आर. मार्टिनच्या 'अ साँग ऑफ आइस अँड फायर'मधलं 'अ फीस्ट फॉर क्रोज'. त्यामागोमाग सल्ला येतो, की ही दोन्ही नुसती चाळा आणि पुढच्यावर जा. हा सल्ला एका पुस्तकाबाबत निम्मा बरोबर आहे आणि दुसऱ्याबाबत साफ चुकीचा. तो ऐकून लोक मार्टिनचं चौथं टाळतात. त्या मालिकेतलं काही सर्वोत्तम लेखन त्याच पुस्तकात आहे, म्हणून मला याचं मनापासून वाईट वाटतं. (पुढे दोन्ही मालिकांतल्या घटना उघड होतील. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथेच थांबावं.)

मार्टिनबद्दल फार सांगत बसत नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स' ही टीव्हीवरची मालिका तुम्ही पाहिलेली असणार आणि सात पुस्तकांचा तो संच बहुतेकांच्या कपाटात असतोच. त्या संचात तिसरं आणि पाचवं पुस्तक दोन-दोन भागांत छापलेलं असल्यामुळे 'अ फीस्ट फॉर क्रोज' पाचव्या जागी येतं, एवढं लक्षात असू द्या. ते २००५ साली आलं. आधी मार्टिनच्या मनात कथेत पाच वर्षांची उडी घ्यायची होती, तो बेत त्याने सोडला. मग मजकूर इतका वाढला, की एका पुस्तकात मावेना. त्याने तो काळाप्रमाणे अर्धा न तोडता माणसांप्रमाणे वाटला. किंग्ज लँडिंग, डॉर्न, लोहबेटं, ब्रिएनची भटकंती हे सगळं 'फीस्ट'मध्ये आलं. जॉन, टिरियन आणि डनेरिस पुढच्या, पाचव्या 'अ डान्स विथ ड्रॅगन्स'मध्ये गेले.

जॉर्डनच्या 'व्हील ऑफ टाइम'कडे आपल्याकडे कमी लोक वळतात, म्हणून तिथे जरा थांबू. पहिलं पुस्तक १९९० साली आलं आणि मालिका चौदा पुस्तकांची झाली. २००७ मध्ये जॉर्डनचं निधन झालं. शेवटची तीन पुस्तकं त्याच्या टिपणांवरून ब्रँडन सँडरसनने पूर्ण केली. आपल्याला हवं आहे ते नववं आणि दहावं. नवव्या पुस्तकाच्या, म्हणजे २००० साली आलेल्या 'विंटर्स हार्ट'च्या शेवटी नायक रँड आणि त्याच्या गावची नायनीव प्रचंड शक्ती वापरून एक अशक्य काम करून दाखवतात. पुरुषांच्या वाट्याची जादू हजारो वर्षं विटाळलेली असते. ती वापरणारा प्रत्येक पुरुष शेवटी वेडा होत असतो. ते विष त्या दिवशी धुऊन निघतं. तोवरच्या सगळ्या कथेतली ही सर्वांत मोठी घटना. पुस्तक तिथे संपतं आणि पुढे काय होणार म्हणून वाचक दोन वर्षांहून जास्त काळ थांबतात.

जानेवारी २००३ मध्ये 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट' येतं आणि घड्याळाचे काटे मागे फिरतात. रँडचे मित्र पेरिन आणि मॅट कुठे होते, इलेन आणि एग्वेन या त्याच्या जवळच्या दोघी काय करत होत्या, हे त्या मोठ्या दिवसाच्या आधीपासून सांगायला सुरुवात होते. एकेक धागा सावकाश त्या दिवसापर्यंत आणला जातो. तो दिवस उजाडला, की दूर कुठेतरी प्रचंड शक्ती वापरली जातेय, हे प्रत्येक ठिकाणी कुणाला ना कुणाला जाणवतं. हे कोण करतंय? शत्रूचं नवं शस्त्र तर नाही? पानंच्या पानं याच शंकेत जातात. आपल्या रोजच्या मालिकांत मोठा गौप्यस्फोट झाला, की दिवाणखान्यात उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या चेहऱ्यावर कॅमेरा आळीपाळीने जातो आणि तेवढ्यात भाग संपतो, तसं हे पुस्तक आहे. रँड स्वतः त्यात जेमतेम दिसतो.

आता खरा गोंधळ. दोन्ही लेखकांनी एकच काळ दोनदा दाखवला आहे. 'क्रॉसरोड्स' हे 'विंटर्स हार्ट'च्या शेवटाला समांतर चालतं, 'डान्स'चा मोठा भाग 'फीस्ट'ला समांतर. वरवर बघणाऱ्याला युक्ती एकच वाटते आणि म्हणून दोष एकच ठरवला जातो. फरक बघायचा असेल तर एक प्रश्न विचारावा लागतो: तोच क्षण दुसऱ्यांदा वाचताना वाचकाला नवीन काय मिळालं?

मार्टिनकडचं उदाहरण घ्या. भिंतीवरून जॉन आपल्या जिवलग मित्राला, सॅमला, दूर पाठवतो. सोबत म्हातारे मेस्टर (विद्वान वैद्य) एमन, गिली नावाची तरुणी आणि एक तान्हं बाळ. हा प्रसंग 'फीस्ट'मध्ये सॅमच्या नजरेतून येतो. सॅमला कळत नाही, की जॉन इतका थंड, इतका परका का वागतोय, आणि आपल्यालाही कळत नाही. पुढे जहाजावर गिली रडायची थांबत नाही, तेव्हा हळूहळू उलगडतं, की तिच्या मांडीवरचं बाळ तिचं नाहीच. जॉनने मुलांची अदलाबदल केली आहे. हाच प्रसंग 'डान्स'मध्ये जॉनच्या बाजूने येतो. संवाद जवळजवळ तेच. पण आता गिलीला ते करायला भाग पाडणारा जॉन आपल्यासमोर असतो आणि त्या थंडपणाची त्याने मोजलेली किंमत दिसते. दुसऱ्या वाचनात पहिल्याचा अर्थ बदलतो. आधी सॅमची बाजू, मग जॉनची, हा क्रम उलटा केला असता तर निम्मी ताकद गेली असती.

जॉर्डनच्या दहाव्यात ते विष धुऊन निघण्याचा क्षण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा येतो आणि आपल्याला काहीच नवीन कळत नाही. उलट आपल्याला सगळं ठाऊक असतं आणि पात्रांना नसतं.

इथे कुणी म्हणेल, वाचकाला आधी ठाऊक असणं हाच दोष असेल तर तो 'फीस्ट'मध्येही आहे. ब्रिएन ही लढवय्यी बाई पुस्तकभर बेपत्ता सान्साला शोधत फिरते आणि सान्सा कुठे आहे हे आपल्याला पहिल्यापासून माहीत असतं. आक्षेप रास्त आहे आणि त्याचं उत्तर देता आलं की दोन्ही पुस्तकं नीट कळतात. ब्रिएन त्या अज्ञानाच्या जोरावर चालत राहते. ती चुकीच्या दिशेला जाते म्हणूनच युद्धाने उजाड झालेली गावं आपल्याला दिसतात. सेप्टन मेरिबाल्ड हा फिरता धर्मगुरू तिला भेटतो, आणि लढाईतून पळालेल्या, माणूसपण हरवून बसलेल्या सैनिकांबद्दल तो जे बोलतो ते अख्ख्या मालिकेतलं माझ्या मते सर्वांत मोलाचं पान आहे. शेवटी त्याच वाटेने ती फासाच्या दोरापर्यंत पोचते. तिचं न कळणं तिला हलवतं. 'क्रॉसरोड्स'मधली बहुतेक माणसं न कळल्यामुळे थबकतात, तर्क करतात, चहा पितात आणि पुन्हा तर्क करतात. ठळक अपवाद एग्वेनच्या छावणीचा: तिथे त्या अज्ञात शक्तीच्या धास्तीने जादू वापरणाऱ्या बायका ब्लॅक टॉवरशी, म्हणजे जादू वापरणाऱ्या पुरुषांच्या संघटनेशी, बोलणी करायचं मान्य करतात, आणि ती प्रकरणं वाचताना अंगात लगेच जीव येतो. अख्खं पुस्तक तसं असतं तर आज कुणी त्याला नावं ठेवली नसती.

मग 'फीस्ट'बद्दल इतकी नाराजी का? कारण आवडती माणसं त्यात नाहीत. ही तक्रार खरी आहे, पण ती गैरहजेरीची आहे. गोष्ट थांबल्याची नाही. त्यात वाट पाहण्याची भर पडली. पाच वर्षं थांबून हातात आलेल्या पुस्तकात टिरियन नाही, आणि शेवटी लेखकाची टीप, की उरलेली मंडळी पुढच्या वर्षी भेटतील अशी आशा आहे. ती भेटली जुलै २०११ मध्ये. त्या वाचकांचा राग मला पूर्ण मान्य आहे. फक्त तो सहा वर्षांवरचा राग आहे. आज ज्याच्या कपाटात दोन्ही पुस्तकं शेजारी-शेजारी उभी आहेत त्याने तो उसना घ्यायचं काही कारण नाही. 'क्रॉसरोड्स'चं तसं नाही. आज चौदाही पुस्तकं ओळीने वाचणाऱ्याला वाट पाहावी लागत नाही, त्यामुळे त्रास कमी होतो हे खरं. तरी ते उभं राहिलेलं घड्याळ उभंच राहतं.

'फीस्ट' बाजूला काढून पुढे जाऊन बघा. राणी सर्सी राजसत्तेवरचं कर्ज माफ करून घेण्यासाठी धर्मसत्तेच्या हाती पुन्हा तलवारी देते आणि त्याच हातांनी कैद होते. हे न वाचता 'डान्स'मधली तिची नग्न पदयात्रा नुसती शिक्षा वाटेल. सर्सीच्या डोक्यात आपण पहिल्यांदा शिरतो ते याच पुस्तकात, आणि सत्तेवर बसलेलं माणूस स्वतःच्याच संशयाने कसं पोखरत जातं याचं इतकं बारीक चित्रण फँटसीत मी दुसरीकडे वाचलेलं नाही. डॉर्नचा सत्ताधीश डोरान मार्टेल आपल्या मुलीला, आरियानला, खरा बेत सांगतो, लोहबेटांवर युरॉन राजा निवडला जातो, जेमी बहिणीचं, म्हणजे सर्सीचं, पत्र आगीत टाकतो. यातलं काहीही गाळता येत नाही. आणि "टीव्हीवर पाहिलंय की" म्हणणाऱ्यांना कळकळीने सांगतो: टीव्हीवर आरियान नाही, व्हिक्टारियन नाही, लेडी स्टोनहार्ट नाही. तुम्ही हे पुस्तक पाहिलेलं नाही.

'क्रॉसरोड्स'मधून काय जाईल? एग्वेन शेवटी पकडली जाते, हे हवंच. मॅट आणि तुऑनचे सर्कशीसोबतचे प्रसंग गोड आहेत. आणि पेरिनचा एक प्रसंग, ज्यासाठी मी हे पुस्तक कधीही रद्दीत देणार नाही. बायकोचा ठावठिकाणा काढण्यासाठी तो एका कैद्याचा हात तोडतो, आणि आपण काय करून बसलो हे उमगल्यावर पहिल्या पुस्तकापासून जवळ बाळगलेली कुऱ्हाड टाकून देतो. बाकी बरंच चाळलं तरी चालेल.

कपड्यांची वर्णनं, नावांची गर्दी, पुस्तकाची जाडी हे दोन्हीकडे आहे आणि त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पोशाखांच्या बाबतीत जॉर्डन जास्त ताणतो, एवढंच.

एक मात्र बजावून सांगतो. 'फीस्ट' आणि 'डान्स'ची प्रकरणं मिसळून, एक इथलं एक तिथलं असं वाचायच्या याद्या फिरत असतात. पहिल्या वाचनाला त्या वापरू नका. सॅम आणि जॉनच्या प्रसंगाचं वर सांगितलेलं सगळं अंतर त्यात नाहीसं होतं. 'डान्स'च्या छापील दुसऱ्या भागाचं नावच 'आफ्टर द फीस्ट' आहे, त्यावरूनही छापलेला क्रम कळतो. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा खुशाल मिसळा, तेव्हा मजा येते.

आणि 'व्हील ऑफ टाइम' जे सोडतात त्यांतले बरेच जण दहाव्यावरच सोडतात, याची मला जास्त हळहळ वाटते. कारण पुढचं, २००५ मधलं 'नाइफ ऑफ ड्रीम्स', हे जॉर्डनने स्वतः पूर्ण केलेलं मालिकेतलं शेवटचं पुस्तक. त्यात पेरिनची बायको सुटते, इलेनला सिंहासन मिळतं, मॅट आणि तुऑनचं लग्न लागतं, आणि वेग असा, की गाडीत वाचत असाल तर उतरायचं स्टेशन मागे पडेल. दहाव्यात अडकला असाल तर पेरिनचं ते सत्ताविसावं प्रकरण वाचा, एग्वेनचा शेवट वाचा आणि सरळ अकरावं उघडा.