क्विकसिल्व्हर : मागून उंच कमरेच्या शॉर्टपासून दिवाळखोरीपर्यंत

ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, बेल्स बीचजवळ टॉर्की नावाचं गाव आहे. १९६९ साली या एकाच गावात रिप कर्ल आणि क्विकसिल्व्हर या सर्फिंगचं, म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटांवर स्वार होण्याच्या खेळाचं, साहित्य आणि कपडे बनवणाऱ्या दोन्ही कंपन्यांची सुरुवात झाली. क्विकसिल्व्हर काढली अ‍ॅलन ग्रीन आणि जॉन लॉ यांनी. लाट आणि डोंगराचं बोधचिन्ह होकुसाईच्या जगप्रसिद्ध जपानी चित्रावरून घेतलेलं.

कंपनीचं नाव झालं ते शॉर्टमुळे, आणि ते का हे नीट पाहण्यासारखं आहे. लाटेपर्यंत जाताना सर्फर फळीवर पालथा पडून हातांनी पाणी मारतो. शॉर्टला चेन (झिप) असेल तर ती पोटाला टोचते, फळीवर ओरखडे काढते. नुसतं इलॅस्टिक असेल तर लाटेच्या माऱ्यात शॉर्ट खाली सरकते. मांडीच्या आतली जाड शिवण खाऱ्या पाण्यात घासून कातडी सोलवटते. ग्रीन-लॉ यांनी कमरेची पट्टी मागून उंच, पुढून खाली अशी बेतली, म्हणजे वाकलं किंवा उकिडवं बसलं तरी पाठ उघडी पडत नाही. चेनच्या जागी वेल्क्रो आणि टिचबटणं आली. दोन्ही हवीतच: वेल्क्रोमध्ये वाळू अडकली की त्याची पकड सुटते, तेव्हा कमरेचा ताण बटण पेलतं.

१९७६ मध्ये बेल्स बीचवरची सर्फिंग स्पर्धा जिंकलेल्या जेफ हॅकमनने बॉब मॅकनाइटसोबत हा ब्रँड अमेरिकेत विकण्याचा परवाना मिळवला. ब्रँड ऑस्ट्रेलियाचा, धंदा कॅलिफोर्नियात, अशी ही विभागणी होती. १९८० च्या दशकात न्यूपोर्ट बीचवर चौकडी आणि ठिपक्यांच्या भडक शॉर्ट गाजल्या. १९८६ मध्ये अमेरिकन कंपनी शेअर बाजारात उतरली, १९९० मध्ये बायकांसाठी ‘रॉक्सी’ आली. ब्रँडचे जागतिक हक्क मात्र अमेरिकन कंपनीच्या हाती २००० मध्ये आले.

इथपर्यंत वाढ कपड्यांच्या बळावर होती. २००४ मध्ये घेतलेली डीसी शूजही त्याच गिऱ्हाइकाची. २००५ मध्ये घेतलेली फ्रान्सची रॉसिन्यॉल ही स्कीची (बर्फावरून घसरण्यासाठी पायाला बांधायच्या पट्ट्यांची) कंपनी मात्र आमच्या मते घोडचूक ठरली. शॉर्ट उन्हाळ्यात खपली नाही तर निदान कमी दरात काढता येते. स्की विकायला बर्फ पडावा लागतो, आणि २००६-०७ चा युरोपातला हिवाळा उबदार गेला. माल पडून राहिला, खरेदीसाठी काढलेलं कर्ज अंगावर राहिलं. २००८ मध्ये रॉसिन्यॉल मूळ किमतीच्या अगदी थोड्या हिश्श्यात विकावी लागली.

सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज झाला, तेव्हा कर्ज ८० कोटी डॉलरहून जास्त होतं. ओकट्री कॅपिटल या गुंतवणूक कंपनीने ती ताब्यात घेतली, २०१७ मध्ये तिचं नाव बोर्डरायडर्स झालं, आणि २०१८ मध्ये तिने जुनी प्रतिस्पर्धी बिलाबाँगही घेतली. २०२३ पासून हे सगळे ब्रँड ऑथेंटिक ब्रँड्स ग्रुपकडे आहेत. हा समूह स्वतः कपडे शिवत नाही, परवाने देतो. अमेरिकेतली दुकानं चालवणारी परवानाधारक कंपनी फेब्रुवारी २०२५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ती दुकानं बंद झाली.